कोडे घालावे, उत्तर राखावे

नदीच्या काठावर एक माणूस उभा आहे. त्याच्याजवळ एक वाघ, एक शेळी आणि गवताचा भारा आहे. नाव इतकी लहान आहे की तिच्यात त्या माणसाबरोबर या तिघांपैकी एकच मावते. माणूस जवळ नसला तर वाघ शेळीला खाईल आणि शेळी गवत खाईल. तिन्ही गोष्टी पैलतीरी सुखरूप कशा न्याव्यात?

हे कोडे ज्याने कधीच ऐकले नाही, असा माणूस विरळाच. वीज गेलेल्या रात्री अंगणात, लांबच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात, लग्नघरी पंगतीची वाट पाहताना, कापणीनंतरच्या विसाव्यात कोणीतरी ते घालतो आणि भोवतालची माणसे क्षणभर गप्प होतात. मग एकजण जमिनीवर खडूने नदी काढतो. दुसरा चिंचोके मांडून वाघ, शेळी आणि गवत ठरवतो. तिसरा चुकतो, सगळे हसतात, तोही हसतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. या मंडळीत कोण किती इयत्ता शिकला आहे, हे कोणी विचारत नाही. कोड्यापुढे पदवीधर आणि निरक्षर यांना एकाच घोंगडीवर बसावे लागते.

गंमत अशी की हे कोडे कोणा एका गावाचे किंवा एका भाषेचे नाही. तमिळनाडूतही वाघ, शेळी आणि गवताचा भाराच नदी ओलांडतो. युरोपात वाघाच्या जागी लांडगा आणि गवताच्या जागी कोबी येतो. आठव्या शतकातील इंग्लंडचा विद्वान अल्क्विन याच्या नावावर असलेल्या एका जुन्या लॅटिन संग्रहात ते लांडगा, शेळी आणि कोबी याच रूपात आढळते. हजार वर्षांहून अधिक काळ एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात राहिलेल्या या कोड्याने कोणाला पैसा दिला नाही, परीक्षेतले गुण दिले नाहीत. तरीही माणसांनी ते टाकून दिलेले नाही. ज्या गोष्टीचा उपयोग चटकन सांगता येत नाही, पण जी टाकवतही नाही, तिच्यात काहीतरी मोलाचे असले पाहिजे.

हे मोल ओळखण्यासाठी दुसरे एक चित्र डोळ्यांपुढे आणावे लागते. ते चित्र वर्गाचे आहे. फळ्यावर उदाहरण लिहिलेले आहे. शिक्षक एका मुलाला उभे करतात. मुलाला उत्तर येत नाही. वर्ग हसतो, पण या हसण्यात तो मुलगा सामील नसतो. अंगणात चुकलेल्या माणसाचे हसे आणि वर्गात चुकलेल्या मुलाचे हसे, या दोहोंत मोठे अंतर आहे. अंगणात चूक ही खेळातली एक खेळी असते. वर्गात ती त्या मुलाच्या नावापुढे कायमची लिहिली जाते. कित्येकांनी शाळा सोडली ती घरच्या अडचणींमुळे. परंतु गणिताच्या तासाची धास्ती हेही शाळा सुटण्याचे एक कारण असते, हे नाकारता येणार नाही. पुढे चाळिशीला पोहोचलेला हाच मनुष्य ‘गणित आपल्या डोक्यात शिरत नाही’ असे सांगत राहतो. वस्तुतः त्याच्या डोक्यात शिरली असते ती भीती.

गणित खरोखरच त्याच्या डोक्यात शिरलेले नसते काय? १९८५ मध्ये तीन संशोधकांनी ब्राझीलमधील रेसिफे शहरात केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यावर नारळ, फळे असा माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले आणि खरेदी करता करता त्यांनी हिशेब विचारले. मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तशीच गणिते शाळेतल्यासारखी, नुसत्या आकड्यांच्या रूपात घातली. तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ३७ टक्क्यांवर उतरले. एका मुलाला ३५ क्रुझेरो किमतीच्या दहा नारळांचा हिशेब विचारला होता. त्याने तीन नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, आणखी तिनांचे मिळून ३१५ आणि वरच्या एकाचे धरून ३५०, असा स्वतःचा रस्ता काढला. ‘दहाने गुणताना शून्य जोडावे’ हा शाळेचा नियम त्याने वापरला नाही. परंतु त्याने जे केले तेही गणितच होते, आणि ते अचूक होते.

पाच मुलांच्या अभ्यासावरून साऱ्या जगाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. तथापि बाजारात बसणाऱ्या कोणाही भाजीवालीला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. पाव किलो मिरची, दीड किलो बटाटे आणि दोन जुड्या कोथिंबीर यांची बेरीज ती कागदाशिवाय करते आणि उरलेले पैसे मोजून हातावर ठेवते. जुन्या मराठी शाळांत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ करीत, ती व्यवहारातल्या याच गरजेपोटी. गणित माणसाच्या हातात असते. त्याचे नाव ‘गणित’ आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. कोडे नेमके हेच काम करते. ते गणिताला बाजाराच्या, नावेच्या, शेळीच्या वेषात आणते आणि बेसावध माणसाकडून विचार करवून घेते.

ही युक्ती भारताला नवी नाही. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात तुटून विखुरलेल्या मोत्यांच्या हाराचे गणित आहे. इसवी सन ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. या ग्रंथात कमळे आहेत, हंस आहेत, मोर आणि साप आहेत. त्यातल्या भुंग्यांच्या गणिताचा आशय असा आहे: एका थव्यातील पाचवा हिस्सा भुंगे कदंबाच्या फुलावर गेले, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर गेले, या दोन संख्यांमधील फरकाच्या तिप्पट कुटजावर गेले आणि एक भुंगा सुगंधाच्या मोहाने हवेतच भिरभिरत राहिला, तर थव्यात भुंगे किती? उत्तर पंधरा आहे. तीन, पाच, सहा आणि तो एकटा एक. हे गणित नुसत्या अपूर्णांकांत मांडता आले नसते काय? सहज आले असते. परंतु आठशेहून अधिक वर्षे लोकांच्या स्मरणात राहिला तो हवेत भिरभिरणारा भुंगा.

‘लीलावती’चा आणखी एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यात भास्कराचार्य समोरच्या व्यक्तीला संबोधून प्रश्न विचारतात, तिला गोंजारतात, तिच्या बुद्धीला आव्हान देतात. लीलावती ही त्यांची कन्या होती असे परंपरा सांगते. ते काहीही असो, बाराव्या शतकातील एक थोर गणिती आपल्या ग्रंथात एका स्त्रीला प्रश्न विचारतो आणि ती उत्तर देऊ शकेल असे गृहीत धरतो, ही गोष्ट लहान नाही. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. तो इसवी सन १२०७ च्या सुमाराचा आहे. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली. अशा रीतीने भुंग्यांनी भाषांच्या सीमाही ओलांडल्या.

कोड्यांचे क्षेत्र पदव्यांच्या कुंपणाबाहेर कसे राहते, याचे आपल्या काळाजवळचे उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणू येथे जन्मलेले कापरेकर नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. मोठे विद्यापीठ, प्रयोगशाळा, अनुदान यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. होते ते आकड्यांचे वेड आणि ते वेड दुसऱ्याला लावण्याची हौस. त्यांनी शोधलेली एक गंमत कोणालाही पाटीवर करून पाहता येते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ येतात. मग ८७३० मधून ०३७८ वजा करून ८३५२ येतात आणि ८५३२ मधून २३५८ वजा करून ६१७४ येतात. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च येतात. आरंभी कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत मुक्काम ६१७४ हाच. मध्येच तीन अंकी उत्तर आले तर पुढे शून्य मांडावे, एवढेच पथ्य.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. परंतु देशातील गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. ध्यानात घेण्यासारखी बाब ही की गार्डनर यांच्याकडेही गणिताची पदवी नव्हती. ते तत्त्वज्ञानाचे पदवीधर होते. सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी गणिती खेळांचे ते सदर चालवले. पदवी नसलेल्या एका रसिकाने विद्यापीठाबाहेरच्या एका शिक्षकाला ओळखले, ही कोड्यांच्या जगाची रीत आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो. कोडी ही रिकामपणाची करमणूक आहे, पोट भरण्याची विवंचना असलेल्याला ती कशाला, असे पुष्कळांना वाटते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ मोलाचा असतो. तो वेळ वाया घालवण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून कोड्याच्या बाजूने बोलणाऱ्याने उत्तर द्यायला हवे ते व्यवहाराच्याच भाषेत.

एक साधे कोडे पाहावे. दुकानदाराने शंभर रुपयांच्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली आणि नंतर त्या वाढीव किमतीवर २० टक्के सूट दिली. तर वस्तू केवढ्याला पडेल? बहुतेकांच्या तोंडून प्रथम ‘शंभरला’ असेच उत्तर निघते. प्रत्यक्षात किंमत १२० होते आणि १२० वर २० टक्के म्हणजे २४ रुपये सूट मिळून वस्तू ९६ रुपयांना पडते. टक्के कशाचे, हा प्रश्न विचारल्यावाचून टक्क्यांना अर्थ नसतो, हे या चार रुपयांच्या फरकाने जितके मनावर ठसते तितके व्याख्येने ठसत नाही. ज्याने हे कोडे एकदा सोडवले, तो सावकाराच्या ‘महिना फक्त पाच टक्के’ या गोड शब्दांपुढे क्षणभर थांबेल. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ, आणि व्याजावर व्याज धरले तर जवळजवळ ऐंशी, हा हिशेब तो मनात करील. तेवढ्या क्षणभराच्या थांबण्याने एखादे शेत वाचू शकते.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्टही अशीच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत चौसष्ट घरे भरायची. राजा हसून ‘हो’ म्हणतो आणि मग त्याची सारी कोठारे रिती झाली तरी मागणी पुरी होत नाही. एकूण दाण्यांची संख्या २० अंकी भरते. ही गोष्ट करमणुकीची म्हणून ऐकली जाते. परंतु एखादा ओळखीचा मनुष्य घरी येतो आणि ‘तुम्ही पैसे भरा, दहा जणांना आणा, त्यांनी प्रत्येकी दहा जण आणले की तुमचे भाग्य उघडले’ असे सांगतो, तेव्हा त्याच गोष्टीची आठवण व्हायला हवी. दहाचे शंभर, शंभराचे हजार असे होत नवव्या पायरीवर शंभर कोटी आणि दहाव्या पायरीवर हजार कोटी माणसे लागतात. एवढी माणसे पृथ्वीवर नाहीत. म्हणजे शेवटच्या पायऱ्यांवरच्या बहुसंख्य लोकांचे पैसे बुडणार, हे योजनेच्या रचनेतच लिहिलेले असते. भारतात १९७८ च्या कायद्याने अशा पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदी आहे. तरीही नव्या नावाने त्या पुन्हा पुन्हा येतात. कायदा फसवणुकीनंतर धावून येतो. दाण्यांचा हिशेब मात्र आधीच सावध करतो.

तेव्हा कोडे हे निव्वळ रिकामपणाचे साधन नाही. अर्थात त्याचे माहात्म्य वाजवीपेक्षा वाढवण्याचेही कारण नाही. रोज कोडी सोडवल्याने माणूस सर्वच बाबतींत बुद्धिमान होतो, अशी आश्वासने जाहिरातींत दिली जातात. त्यांवर विसंबू नये. एका प्रकारची कोडी सोडवण्याचा सराव माणसाला प्रामुख्याने त्या प्रकारच्या कोड्यांतच तरबेज करतो. पाढे, अपूर्णांक आणि शेकडेवारी यांचा नेमस्त अभ्यास कोड्यांमुळे टळत नाही. कोडे अभ्यासाची जागा घेत नाही. ते अभ्यासाकडे पाठ फिरवलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या दिशेने वळवते. एवढे काम झाले तरी ते थोडे नव्हे.

परंतु हे काम कोड्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते कोडे घालणाऱ्यावर असते. जे कोडे अंगणात आनंद देते, तेच कोडे अहंकारी माणसाच्या हाती पडले की शस्त्र होते. हातोहाती आलेल्या मोबाइलवर अशी कोडी रोज येतात. ‘फक्त बुद्धिमान लोकच हे सोडवू शकतील’, ‘शंभरातल्या नव्व्याण्णवांना हे जमत नाही’ अशा ओळी त्यांच्या माथ्यावर असतात. ही टक्केवारी कोणी मोजलेली नसते. तिचा हेतू एवढाच की वाचणाऱ्याच्या मनात आधी न्यूनगंड निर्माण व्हावा आणि मग तो खोटा ठरवण्यासाठी त्याने धडपडावे. त्यांतली काही तर कोडीच नसतात. २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) या मांडणीवरून समाजमाध्यमांवर जगभर वाद झाला. कोणी १६ म्हणे, कोणी १ म्हणे. वास्तविक तो गणिताचा वाद नव्हताच; मांडणारा संदिग्ध लिहीत होता. त्याने आणखी एक कंस नीट घातला असता तर भांडणाला जागाच उरली नसती. ज्या प्रश्नातील शब्द किंवा चिन्हे हेतुपुरस्सर मोघम ठेवली आहेत, तो प्रश्न घालणे ही चतुराई नव्हे, ती लबाडी होय.

म्हणून कोडे घालणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत, हे सांगणे आवश्यक ठरते. पहिले पथ्य म्हणजे कोडे प्रामाणिक असावे. त्यातली अट लपवलेली नसावी. दुसरे म्हणजे उत्तर सांगण्याची घाई नसावी. ज्याला उत्तर ठाऊक असते त्याच्या जिभेला खाज सुटते. परंतु दुसऱ्याच्या तोंडचे उत्तर काढून घेणे म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणे होय. सोडवणारा अडला तर वाट दाखवावी, मुक्काम सांगू नये. वाघ-शेळीच्या कोड्यात अडलेल्याला ‘एकदा पैलतीरी नेलेली वस्तू परत आणू नये, असे कोणी म्हटले आहे काय?’ एवढे विचारले तरी पुरते. शेळी आधी न्यायची, मग वाघ नेऊन शेळी परत आणायची, गवत पोहोचवायचे आणि शेवटी शेळीसाठी पुन्हा फेरी मारायची, हा मार्ग त्याला स्वतःला दिसतो. शेळी माघारी आणताना मनाला थोडे दुःख होते, कारण केलेले काम मोडावे लागते. नेमके तेथेच बहुतेकजण अडतात, आणि जो ते दुःख सोसतो तोच पार होतो.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. चुकलेल्याचा पाणउतारा कधीही करू नये. यासाठी नम्रता हवी, आणि नम्रतेचा धडा शिकण्यासाठी १९९० सालचा एक प्रसंग पुरेसा आहे. अमेरिकेतील ‘परेड’ या साप्ताहिकात मेरिलिन व्हॉस सव्हंट यांच्या सदरात एका वाचकाने प्रश्न विचारला. तीन बंद दारे आहेत. एकामागे मोटारगाडी आणि दोहोंमागे शेळ्या. स्पर्धक एक दार निवडतो. कोणत्या दारामागे काय आहे हे जाणणारा सूत्रधार उरलेल्या दोहोंपैकी शेळीचे एक दार उघडतो आणि विचारतो, ‘निवड बदलायची काय?’ बदलावी, असे उत्तर सव्हंट यांनी दिले. त्यावर सुमारे दहा हजार पत्रे आली. बहुसंख्य पत्रलेखकांनी त्यांना चूक ठरवले. जवळजवळ एक हजार पत्रांखाली डॉक्टरेट मिळवलेल्यांच्या सह्या होत्या, आणि काहींची भाषा हेटाळणीची होती.

तरीही बरोबर होत्या त्या सव्हंटच. पहिली निवड अचूक असण्याचा संभव तिनांत एक असतो. म्हणजे गाडी उरलेल्या दोन दारांमागे असण्याचा संभव तिनांत दोन असतो. सूत्रधार त्या दोहोंतले शेळीचे दार उघडून दाखवतो, तेव्हा तो तिनांत दोनाचा संभव शिल्लक राहिलेल्या एका दारावर येऊन ठेपतो. ज्यांना हे पटले नाही त्यांनी तीन पत्ते घेऊन तीसचाळीस वेळा खेळ करून पाहावा; नोंद ठेवली की शंका फिटते. शाळांतील मुलांनी असे प्रयोग करून उत्तर पडताळले आणि मोठमोठ्या पदव्यांची माणसे चुकीची ठरली. ज्या प्रश्नात असे विद्वान चुकू शकतात, त्या प्रश्नात पाचवीत शाळा सुटलेली एखादी गृहिणी चुकली तर तिला हसण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

या गृहिणीचा विचार मुद्दाम करायला हवा. मूल तिसरी-चौथीत असेपर्यंत आई त्याच्या अभ्यासाला बसते. पुढे अपूर्णांक येतात, मग समीकरणे येतात आणि एक दिवस मूल वही घेऊन येते तेव्हा आई म्हणते, ‘मला हे येत नाही, बाबांना विचार.’ बाबाही कामाचे निमित्त सांगून उठतात. त्या दिवशी मुलाला दोन गोष्टी कळतात: गणित ही अवघड वस्तू आहे आणि मोठ्यांनाही तिचे भय वाटते. भीती अशी वारसाहक्काने खाली उतरते. याच घरात रात्री जेवणानंतर एखादे कोडे घातले गेले तर चित्र पालटते. कोड्याला इयत्ता नसते. आई आणि मूल दोघेही सारखेच अज्ञानी असतात, दोघेही चुकतात आणि कधी आईला आधी सुचते. मोठ्या माणसाने मुलासमोर ‘थांब, विचार करू’ असे म्हणणे, हा कोणत्याही शिकवणीपेक्षा मोठा पाठ आहे. न येणे आणि न येणार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला त्यातून कळते. आणि उशिरा शिक्षणाकडे वळलेल्या त्या आईलाही कळते.

करमणुकीसाठी घातलेल्या कोड्यातून ज्ञानाची नवी वाट निघाल्याचेही दाखले आहेत. प्रशियातील क्योनिग्सबर्ग या नगरात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून साऱ्या नगरात फेरी मारता येईल काय, याचा नागरिकांना छंद लागला होता. १७३५ मध्ये लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने तशी फेरी अशक्य असल्याचे सिद्ध केले आणि त्या विचारातून आलेख सिद्धांत ही गणिताची शाखा उगवली. आज रस्त्यांची, रेल्वेची आणि संगणकांची जाळी आखताना तिचा उपयोग होतो. ती फेरी मारू पाहणाऱ्या नगरवासीयांना असे काही होईल याची कल्पना नव्हती. त्यांना केवळ कुतूहल होते, आणि आपले कुतूहल त्यांनी एकमेकांत वाटले होते. धन वाटले की कमी होते. कोडे वाटल्याने घालणाऱ्याचे काही जात नाही आणि ऐकणाऱ्याला एक संध्याकाळ मिळते.

ही वाटणी टिकली पाहिजे. अंगणे कमी होत आहेत आणि प्रवासात प्रत्येकाची मान आपापल्या पडद्याकडे झुकलेली असते. कोडे पडद्यावरही येते. परंतु तेथे उत्तर एका बोटाच्या अंतरावर असते आणि चुकणाऱ्याबरोबर हसायला शेजारी कोणी नसते. कोड्याचा खरा आनंद उत्तरात नसून प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या वेळेत आहे. तो वेळ कोणासोबत तरी काढायचा असतो. त्यासाठी सामग्री लागत नाही. चिंचोके, खडे, काड्या, जुन्या वहीचे पाठकोरे पान यांवर काम भागते.

तेव्हा येथेही एक कोडे ठेवणे योग्य होईल. एका धान्यव्यापाऱ्याजवळ बरोबर ४० किलोचा एक दगडी धोंडा वजन म्हणून होता. तो हमालाच्या हातून निसटला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी आधी रागावला. पण तुकडे तोलून पाहिल्यावर त्याने हमालाला चहा पाजला. कारण त्या चार तुकड्यांनी त्याला १ किलोपासून ४० किलोपर्यंत पूर्ण किलोंचे कोणतेही वजन एका तोलण्यात करता येऊ लागले. तर प्रत्येक तुकडा किती किलोचा होता? वाट दाखवणारी खूण एवढीच की तराजूला दोन पारडी असतात, आणि वजन केवळ एकाच पारड्यात टाकावे असा नियम नाही.

उत्तर येथे मुद्दाम दिलेले नाही. ज्याला ते सापडेल त्याने लगेच ते सांगून टाकू नये; आधी कोडे दुसऱ्याला घालावे आणि त्याच्या शेजारी बसून वाट पाहावी.